रेशीम शेडच्या एक्झॉस्ट फॅनसाठी पाच स्टेपचा ट्रान्सफॉर्मर रेग्युलेटर – कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

आमचं गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. दादा आणि वहिनी तुती लावून रेशीम करतात, ५० बाय २२ फुटांचं शेड आहे, पश्चिमेच्या भिंतीत वरच्या अंगाला १८ इंची चार एक्झॉस्ट फॅन. मी आयटीआय वायरमन, तालुक्याला मोटर रिवायंडिंगच्या दुकानात काम करतो, म्हणून शेडच्या लाईटीचं सगळं माझ्याकडं.

अडचण अशी की हे फॅन एकतर पूर्ण चालतात नाहीतर बंद. पूर्ण चालवले की रॅकवरचा पाला दोन तासात मलूल पडतो आणि मलूल पाला अळ्या खात नाहीत. बंद ठेवले की पाचव्या अवस्थेत शेडमध्ये विष्ठेचा आणि ओल्या पाल्याचा कोंदट वास भरतो, डोळे चुरचुरतात. चारातले दोनच चालू ठेवून बघितले तर तेवढ्या कोपऱ्यात वारा आणि दुसऱ्या टोकाला कोंडी, म्हणजे चारही फॅन चालायला पाहिजेत पण हळू.

दिवाळीनंतरच्या बॅचला मी इलेक्ट्रॉनिक डिमर लावला होता, जाड वॅटचा, दुकानदार म्हणाला चालतो. चालला, पण फॅन घूंऽऽ करून ओरडायचे, कमी स्पीडला झटके द्यायचे, आणि ऐन कोष बांधणीच्या वेळी रात्री डिमर उडाला. डिमर व्होल्टेजची लाट कापून देतो, मोटरला ती मानवत नाही, आवाज आणि गरमी दोन्ही त्यातूनच. व्हीएफडीचंही (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड कमी करणारं यंत्र) विचारून झालं पण आपले फॅन सिंगल फेज, कंडेन्सरवाले, त्यांना साधा व्हीएफडी चालत नाही, आधी मोटरीच थ्री फेज कराव्या लागतील.

म्हणून ठरवलं की टॅपवाला ऑटो ट्रान्सफॉर्मर (एकच कॉईल, मधेमधे तार बाहेर काढलेली, ती तार म्हणजे टॅप) करायचा, रोटरी स्विचनं टॅप बदलायचा. लाट अखंड राहते, फक्त व्होल्टेज कमी होतं. रेडिमेडची चौकशी केली तर पाच अँपिअरचा पाठवणावळीसकट नऊ हजाराच्या आसपास जात होता. वायंडिंग माझं रोजचं काम आहे, तर घरीच करतो. पुढची चॉकी (लहान अळ्यांची खेप) ८ फेब्रुवारीला येणार, म्हणजे हातात महिना आहे.

५ जानेवारी

फॅनच्या पाटीवर १४० वॅट, ०.६४ अँपिअर लिहिलंय. चार फॅनचे झाले अडीच अँपिअर, असं धरून मी काल रात्री हिशोब मांडून टाकला होता. दुकानाच्या मामांना दाखवला तर म्हणाले, "पाटीवर जाऊ नको, आधी व्हेरिअ‍ॅक लावून बघ, मधीच करंट वाढतो." दुकानातला व्हेरिअ‍ॅक (फिरवून व्होल्टेज हवं तेवढं करायचं यंत्र) घेऊन आलो आणि एका फॅनला लावून टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) आणि टॅकोमीटरनं (फेरे मोजायचं मीटर) रीडिंग घेतली:

२३० व्होल्ट – ०.६४ अँपिअर – ९१५ आरपीएम
२०० – ०.६६ – ८७०
१८० – ०.७० – ८१०
१६० – ०.७३ – ७००
१४० – ०.७० – ५६०
१२० – ०.६० – ४२०
१०० – ०.४८ – ३००

९० व्होल्टला चालता फॅन चालत राहतो पण बंद करून परत लावला तर उठत नाही, नुसता गुणगुणतो.

मामांचं बरोबर निघालं. १६० व्होल्टला करंट पाटीपेक्षा जास्त आहे. कारण व्होल्टेज कमी झालं की मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो, फॅन मागं पडतो, घसरण वाढते आणि घसरणीत जाते ती सगळी ताकद रोटरमध्ये गरमी होऊन बसते. फॅनसारख्या लोडला ही गरमी सगळ्यात जास्त होते ती मूळ स्पीडच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, आपल्या सहा पोलच्या मोटरला (मूळ स्पीड १०००) म्हणजे ६७० च्या जवळ, आणि रीडिंगही तेच सांगतंय. तर हिशोब अडीचवर नाही, चार गुणिले ०.७३ म्हणजे तीन अँपिअरवर करायचा. जो कोणी करणार असेल त्यानं हे एवढं काम चुकवू नये, अर्धा दिवस जातो पण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे.

दुसरं एक कळलं. २३० वरून २०० वर आणलं तरी स्पीड फक्त ४५ नं कमी होतो. म्हणून टॅप समान अंतरानं काढण्यात अर्थ नाही, वरती एक मोठी उडी आणि खाली जवळजवळ. ठरवले: १२०, १४०, १६०, १८०, आणि पाचवा सरळ २३०. १२० च्या खाली जायचं नाही कारण आमच्याकडं शेतीच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १९० वर येतं, तेव्हा १२० च्या टॅपला ९९ च मिळणार.

८ जानेवारी

कोअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा, मिळाला. भंगारातून जुन्या स्टॅबिलायझरचा, मधला दांडा ३८ मिलिमीटर, थर ५० मिलिमीटरचा, वजन ३ किलो १०० ग्रॅम, ४५० रुपये. स्टॅम्पिंग (कोअरच्या पट्ट्या) गंजलेले होते ते वेगळे केले, साताठ पट्ट्या टाकाव्या लागल्या, त्या दुसऱ्या तुटक्या कोअरमधून भरल्या.

हिशोब थोडक्यात, ज्याला करायचाय त्याच्यासाठी. ३.८ गुणिले ५ म्हणजे १९ चौरस सेंटिमीटर, पट्ट्यांमधली फट धरून १८. १.१ टेस्लावर (कोअरमधल्या चुंबकत्वाचं माप) ४१ भागिले १८, म्हणजे एका व्होल्टला साधारण २.२७ वेढे. वेढे मोजायचे शून्यापासून: १२० ला २७२, १४० ला ३१८, १६० ला ३६३, १८० ला ४०९, २३० ला ५२२. रात्री आमच्याकडं व्होल्टेज २५० पर्यंत चढतं, तेव्हा १.२ टेस्ला होतो, तोही चालतो.

ऑटो असल्यामुळं तार फार जाड लागत नाही. वरच्या भागातून फक्त लाईनकडून येणारा करंट जातो, १८० च्या टॅपवर तो सगळ्यात जास्त, साधारण २.२ अँपिअर. खालच्या भागातून लोडचा आणि लाईनचा फरक तेवढाच जातो, तो कुठल्याच टॅपला १.१५ च्या वर जात नाही. म्हणून १२० च्या खाली बारीक तार आणि वर जाड तार. लोड ५०० व्हीएचा आहे तरी ट्रान्सफॉर्मर म्हणून मेहनत १५० च्या आसपासचीच आहे, हा कोअर आरामात पुरतो.

११ आणि १२ जानेवारी

दोन्ही दिवस वाया गेले.

मी सुरक्षित म्हणून वर १८ नंबर आणि खाली २० नंबर तार घेतली. ९७० ग्रॅम, १०२० रुपये. हातमशिनवर ओढून वेढे भरले, थराथराला कागद, टॅपला स्लीव्ह, सगळं नीट. बॉबिन (तार गुंडाळायचा साचा) भरत आली तेव्हाच दिसत होतं की कॉईल गालाच्या बाहेर फुगतेय, तरी मी म्हटलं दाबून बसेल. स्टॅम्पिंग घालायला गेलो तर पहिल्या तीस-चाळीस पट्ट्या गेल्या आणि मग अडकल्या. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं मारल्या. एक पट्टी तिरकी गेली आणि बॉबिनचा गाल कापून सरळ बाहेरच्या थराला लागली, तारेचा लाल रंग खरवडून खालचं तांबं चकाकायला लागलं.

मामांनी येऊन बघितलं आणि हातोडी माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली. "हातोडीनं पट्टी गेली की कॉईल गेलीच समज."

नंतर कागदावर जागा मोजली, जी आधी मोजायला पाहिजे होती. बॉबिनमध्ये तारेसाठी साधारण ८५० चौरस मिलिमीटर जागा आहे. माझी तार कागद न धरता ६९५ खात होती, ८२ टक्के. हातानं भरलेल्या कॉईलला ६०-६५ टक्क्याच्या वर जायचं नाही, वेढे कंपनीच्या मशिनसारखे चिकटून बसत नाहीत आणि टॅप जिथं बाहेर येतो तिथं थर उचलतो. एक एक नंबर बारीक घेतला, वर १९ आणि खाली २१, तर बरोब्बर ६२ टक्के येतंय. करंटच्या मानानं १९ नंबरला एका चौरस मिलिमीटरला २.७ अँपिअर पडतो, उघड्या हवेतल्या ट्रान्सफॉर्मरला ठीक आहे.

उतरवलेली तार परत वापरायची नाही, वाकून सरळ केली की इनॅमलला केसासारख्या चिरा जातात. भंगारात ५६० रुपये आले.

१६ जानेवारी

दुसरी कॉईल झाली. ७१० ग्रॅम तार, ७४५ रुपये. स्टॅम्पिंग ह्या वेळी हातानं सरकले, शेवटच्या पाचसहा पट्ट्याच ठोकळ्यानं. १०० वॅटचा बल्ब सिरीजला लावून पहिल्यांदा लाईट दिली, बल्ब नुसता लालसर झाला म्हणजे शॉर्ट नाही. मग सरळ दिली. रिकामा करंट ०.१२ अँपिअर. वार्निशमध्ये बुडवून, निथळून, पत्र्याच्या डब्यात २०० वॅटचा बल्ब लावून रात्रभर ठेवला.

सकाळी काढला तर टॅपच्या पट्ट्यांवर पेननं लिहिलेले आकडे वार्निशमध्ये विरघळून गेलेले. सहा तारा, सगळ्या सारख्या पिवळ्या स्लीव्हमधल्या. दोन टोकं जाडीवरून ओळखू आली, त्यांना व्हेरिअ‍ॅकनं ५० व्होल्ट दिले आणि बाकीच्या मीटरनं मोजून लावल्या. अर्धा तास गेला. पुढच्या वेळी स्लीव्हला गाठी मारणार, पहिल्या टॅपला एक, दुसऱ्याला दोन, गाठीला काही होत नाही.

आवाज थोडा आहे. बोल्ट आवळले, खाली फायबरचे वॉशर टाकले, आता हात लावला तरच जाणवतो.

२१ जानेवारी

आज मोठी चूक झाली आणि ती सविस्तर लिहितो कारण ती कोणाच्याही हातून होऊ शकते.

टॅप बदलायला मी जुन्या मॅन्युअल स्टॅबिलायझरचा रोटरी स्विच आणला होता, १८० रुपये. पूर्वी टीव्हीला, फ्रिजला जे हातानं फिरवायचे बूस्टर असायचे, त्यातला. जोडणी केली, चार फॅन लावले, पाचवर चालू केलं, छान. चारवर आणायला खटका फिरवला आणि चट्ट करून आवाज झाला, निळा जाळ, एमसीबी पडला. स्विच उघडला तर पाच आणि चारच्या मधल्या पितळी पट्टीवर तांबूस गोळा वितळून बसलेला, पट्टी दोन्ही पॉईंटला चिकटलेली.

कारण असं की हा स्विच पुढचा पॉईंट धरल्यावर मागचा सोडतो. त्या क्षणाला दोन टॅप एकमेकांना जोडले जातात. पाच आणि चारच्या मधे ५० व्होल्ट आहेत आणि तेवढ्या वेढ्यांचा रेझिस्टन्स एक ओहमसुद्धा नाही, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा तेवढा तुकडा शॉर्ट करून त्याच्यातून साठ-सत्तर अँपिअर वाहवले. एमसीबीनं वाचवलं. कॉईलचा वास आला नाही, परत बल्ब टेस्ट केली, रिकामा करंट मोजला, ०.१२ च आहे. वाचली.

आपल्याला पाहिजे तो मागचा पॉईंट सोडून मग पुढचा धरणारा. तपासायचं कसं ते आज शिकलो: मीटर बीपवर ठेवायचा, एक पिन कॉमनला, दुसरी एका पॉईंटला, आणि दुसऱ्या मीटरची किंवा बल्ब-सेलची जोडणी कॉमन आणि शेजारच्या पॉईंटला, म्हणजे दोन शेजारी पॉईंट एकाच वेळी दिसतील. मग खटका अगदी हळू फिरवायचा. मधे क्षणभर दोन्ही लागले तर तो स्विच ह्या कामाचा नाही. दोन्ही सुटून मग एक लागला तर घ्यायचा. हे दुकानात काउंटरवर उभं राहूनच करा.

२३ जानेवारी

कॅम स्विच आणला, १६ अँपिअरचा, शून्य आणि पाच पोझिशन, ६५० रुपये. तीन अँपिअरला सोळा कशाला असं दुकानदार म्हणाला पण मोटरचा करंट तोडताना ठिणगी जास्त पडते, सहाचा घेतला तर वर्षात पॉईंट काळे पडतील. मीटर लावून तपासला, मधे स्वच्छ सुटतो.

पोझिशनचा क्रम मी उलटा लावलाय: बंद, मग २३०, मग १८०, १६०, १४०, १२०. स्टेपचे आकडे मात्र तेच, एक म्हणजे १२० आणि पाच म्हणजे २३०. म्हणजे चालू करताना फॅनला आधी पूर्ण व्होल्टेज मिळतंच, उठून मग हळू होतो. वहिनीला विचित्र वाटलं, "भाऊजी, उजवीकडं फिरवलं की कमी होतंय", पण कारण सांगितल्यावर पटलं.

२५ जानेवारी

पत्र्याचा डबा ७०० रुपये, खाली-वर जाळीच्या खिडक्या, जाळी बारीक कारण पाल आणि मुंग्या. डबा शेडच्या आत नाही, बाहेर पडवीत लावला. शेड प्रत्येक बॅचला ब्लिचिंगनं धुतलं जातं, मोल्टला (अळ्या कात टाकतात तेव्हा) चुना मारतात, त्या हवेत स्विचचे पॉईंट आणि लग दोन बॅचमध्ये हिरवे होतात, जुन्या बोर्डाचं तेच झालं होतं.

एक गोष्ट जपून. ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये लाईन आणि फॅन वेगळे नसतात, एकच तार असते. न्यूट्रल आणि फेज उलटे लागले तर खटका बंद असला तरी फॅनची तार जिवंत राहते. म्हणून प्लग नाही लावला, पक्की वायरिंग केली, डबल पोलचा एमसीबी ३५० रुपये, टेस्टरनं फेज तपासला, डबा आणि चारही फॅनची बॉडी अर्थला. आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा) शेडला आधीपासून आहे. ओल्या फरशीवर उभं राहून पाणी मारणारी माणसं आहेत, इथं पैसे वाचवायचे नाहीत.

२९ जानेवारी

चार दिवस रिकाम्या शेडमध्ये रात्रंदिवस चालवतोय. आज पहाटे दादानं उठवलं, एक फॅन जळाल्याचा वास येतोय म्हणून.

रात्री तीनच्या सुमाराला लाईट गेली होती, थोड्या वेळानं आली. खटका एकच्या स्टेपवरच होता, मोटारी चालू असल्यामुळं व्होल्टेज १८५. म्हणजे फॅनला ९६ व्होल्ट मिळाले. तीन फॅन रखडत उठले, चौथा उठलाच नाही, जागेवर गुणगुणत दोन तास तापला. बॉडीला हात लावणं शक्य नव्हतं. नशीब जळाला नाही.

मी उलटा क्रम लावून समाधानी होतो पण लाईट परत आल्यावर खटक्याला कोण हात लावणार आहे. आणि अशा वेळी फ्यूज किंवा एमसीबी काही करत नाही, कारण अडकलेला फॅन इतक्या कमी व्होल्टेजला जेमतेम अर्धा अँपिअर घेतो.

३१ जानेवारी

उपाय लावला. दहा सेकंदाचा टायमर, १० अँपिअरच्या चेंजओव्हर पॉईंटचा, ४८० रुपये. लाईट आली की पहिले दहा सेकंद फॅन सरळ २३० वर, मग टायमर बदलतो आणि खटका जिथं असेल तो टॅप मिळतो. टायमरच्या रिलेचे पॉईंटही तोडून मग जोडणारे आहेत, ते आधी बघितलं. दिवसभरात बारा वेळा मेन बंद-चालू केलं, बाराही वेळा चारही फॅन उठले.

तो चौथा फॅन उघडला, बुश (दांडा ज्यात फिरतो तो) कोरडा ठाक होता, तूस आणि चुन्याची पेस्ट झाली होती. साफ करून तेल दिलं. कमी व्होल्टेजला चालवायचे असतील तर फॅन हातानं फिरवून बघा, टिचकी मारली की तीन-चार फेरे सुटसुटीत फिरला पाहिजे.

२ फेब्रुवारी

गरमीची चाचणी. प्रत्येक स्टेपवर सहा तास, बाहेर २८ डिग्री. तापमान बंदुकीनं मोजलं पण चकचकीत धातूवर ती चुकीचं दाखवते, म्हणून मोटरवर काळी टेप चिकटवून टेपवर मोजलं. पूर्ण स्पीडला मोटर ५६, १६० व्होल्टच्या स्टेपला ७८, १२० ला ६१. ट्रान्सफॉर्मर ६० च्या जवळपास.

मधली स्टेप सगळ्यात गरम, ५ जानेवारीच्या रीडिंगनं सांगितलं होतंच. त्यात फॅन हळू म्हणून मोटरवरचं वारंही कमी. ७८ ला वायंडिंगला धोका नाही पण बुशमधलं तेल लवकर आटेल, दर बॅचला तेल द्यायचं.

एका मोटरचे मात्र ९१ आले. कंडेन्सर काढून मोजला, लिहिलेला ४ मायक्रोफॅरड, निघाला २.६. साठ रुपयाचा नवीन टाकला, ७९ वर आली. पूर्ण व्होल्टेजला हा फॅन बाकीच्यांसारखाच चालत होता, कोणाला कळलं नसतं. मग चारही कंडेन्सर मोजून घेतले.

लाईट बिल वाचेल का असं दादानं विचारलं. फारसं नाही. १६० वर फॅन १४० च्या जागी शंभर-एक वॅट घेतो आणि हवा पाऊणपट देतो. हा उद्योग हवेसाठी आहे, बिलासाठी नाही.

९ फेब्रुवारी

काल चॉकी आली, दोनशे अंडीपुंजांची. रात्री बाहेर १५ डिग्री असते, फॅन बंद आणि पडदे खाली, दुपारी ३१ ला जातं तेव्हा दोनच्या स्टेपवर.

वहिनीनं संध्याकाळी सांगितलं की एकवर हवा खेचल्यासारखी वाटतच नाही. मी टॅकोमीटर लावला, ४२० बरोबर आहे. मग बाहेर जाऊन बघितलं तर फॅनच्या बाहेरच्या लोखंडी झडपा मिटलेल्या. पूर्ण स्पीडला वाऱ्यानं झडप उघडते, पण स्पीड निम्म्याच्याही खाली आला की दाब पाचव्या हिश्शावर येतो, तेवढ्यानं ती उचलत नाही. फॅन बंद दारासमोर फिरत होते. ही गोष्ट महिनाभरात माझ्या एकदाही डोक्यात आली नाही, रिकाम्या शेडमध्ये मी आवाज, करंट, गरमी सगळं मोजलं पण हवा जातेय का ते बघितलं नाही.

१० फेब्रुवारी

चारही झडपांच्या पट्ट्या काढल्या. जागेवर बिजागरीची लाकडी फळी लावली, हातानं उघडायची आणि खुंटीला अडकवायची. उझी माशीची (अळ्यांवर अंडी घालणारी माशी) जाळी आतून आहेच, ती काढायची नाही. जाळी ब्रशनं झाडली तर ओंजळभर धूळ आणि पाल्याचा चुरा निघाला, कमी स्पीडला तोही अडथळाच.

हवा बघायला उदबत्ती लावायची नाही, अळ्यांना धूर चालत नाही. वहिनीनं तिच्या शिवणकामातला पांढरा दोरा काढला आणि प्रत्येक फॅनसमोर जाळीपासून हातभर अंतरावर टांगला. एकवर दोरा जाळीकडं बोटभर झुकतो, तीनवर निम्मा आडवा होतो. पश्चिमेचं वारं जोरात सुटलं की एकवर दोरा उलटा आत येतो, तेव्हा दोनवर करायचं.

१९ फेब्रुवारी

चौथा मोल्ट. अळ्या माना वर करून गप्प बसल्यात. चुना मारलाय, एकच्या स्टेपवर चालू आहे, बेड कोरडा राहतोय आणि पावडर उडत नाहीये. पूर्वी ह्या दिवशी फॅन लावले की चुना उडून खालच्या रॅकवर जायचा म्हणून बंदच ठेवायचो.

२५ फेब्रुवारी

पाचव्या अवस्थेचा जोर. पाल्याचे भारे सकाळ-संध्याकाळ. दुपारी चारच्या स्टेपवर, रात्री तीनवर. सकाळी पाचला शेडमध्ये गेलो, वास नव्हता, रात्रीच्या फांदीवर उरलेलं पान हातात घेतलं तर अजून ताठ होतं. दादा रॅकच्या दुसऱ्या टोकाला उभा होता, म्हणाला, "आवाज ऐक." फॅनचा नाही, अळ्या पाला खातात त्याचा, पावसाच्या सरीसारखा. डिमर होता तेव्हा तो ऐकू यायचा नाही.

१ मार्च

अळ्या चंद्रिकेवर (कोष बांधायच्या जाळीवर) चढल्या आहेत. कोष बांधताना अळी शेवटची लघवी टाकते, आर्द्रता ७५ च्या वर गेली होती, खिडक्या अर्ध्या उघड्या आणि फॅन रात्रंदिवस दोनवर, संध्याकाळपर्यंत ६५ वर आली. एकदा लाईट गेली-आली, टायमरनं काम केलं, मी घरी होतो, दादाचा फोनसुद्धा आला नाही.

६ मार्च

काल कोष उतरवले, उद्या जालन्याच्या कोष बाजारात. पोचट आणि डागी कोष वहिनीनं निवडले, मागच्या बॅचला दीड टोपली होते, ह्या वेळी टोपलीच्या तळाला. सगळं फॅनमुळं असं मी म्हणणार नाही, ह्या वेळी पालाही चांगला होता.

खर्च: तार दोन वेळची १७६५, कोअर ४५०, बॉबिन ६०, कागद-स्लीव्ह-वार्निश २८०, वाया गेलेला स्विच १८०, कॅम स्विच ६५०, डबा ७००, एमसीबी ३५०, टायमर ४८०, कंडेन्सर ६०, लग आणि वायर २५०. झाले ५२२५, भंगाराचे ५६० वजा, ४६६५. पहिली कॉईल आणि पहिला स्विच चुकला नसता तर चार हजारात झालं असतं. वेळ सुट्टीचे दिवस आणि रात्री धरून अकरा दिवस, त्यातले चार चुका निस्तरण्यात.

परत केला तर १६० चा टॅप काढून टाकीन, ती स्टेप सगळ्यात गरम आहे आणि १४० किंवा १८० नं भागतं. त्याजागी वर २०० चा एक देईन, एप्रिल-मेच्या दुपारी लागेल असं वाटतंय.

शेजारच्या काकांचं दोन फॅनचं शेड आहे, त्यांना हाच करून पाहिजे. त्यांचे फॅन ९०० चे नाहीत, १४०० चे आहेत, त्यामुळं वरची रीडिंग त्यांना लागू नाहीत. उद्या बाजारातून परत आलो की व्हेरिअ‍ॅक घेऊन त्यांच्याकडं जायचंय, तार त्याच्यानंतर.